डोंगरात, पारंपरिक धनुष्याने एल्कची शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोलोरॅडोत राहते आणि दर सप्टेंबरला लाकडी रीकर्व्ह धनुष्य घेऊन रॉकी पर्वतात एल्कच्या मागावर जाते. इथल्या मराठी मंडळींकडून आणि गावाकडच्या नातेवाइकांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. नियम कोलोरॅडोचे आहेत. माँटाना, आयडाहो, वायोमिंगचे वेगळे असतात आणि कोलोरॅडोचेही दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीचं सरकारी नियमपुस्तक हातात घेतल्याशिवाय डोंगरात पाऊल टाकू नका.

१. एल्क म्हणजे मूस ना? की आपलं सांबर?

दोन्ही नाही. युरोपात मूस या वेगळ्याच मोठ्या हरणाला एल्क म्हणतात, गोंधळ तिथून सुरू होतो. अमेरिकेतल्या एल्कचं दुसरं नाव वापिटी. हा शॉनी भाषेतला शब्द, अर्थ ‘पांढऱ्या पुठ्ठ्याचा’, आणि झाडीतून पळून जाताना शेवटी दिसतो तो खरोखर पांढरट पुठ्ठाच. सांबर त्याच हरणांच्या कुळातलं, पण काश्मीरचा हंगुल त्याला जास्त जवळचा. पूर्ण वाढलेला नर ३०० ते ३५० किलो भरतो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. शिंगं फक्त नराला असतात, दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात.

२. पारंपरिक धनुष्य म्हणजे नेमकं कोणतं? आपली अदिती स्वामी वापरते तेच का?

नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये विश्वविजेते झाले ते कंपाउंड धनुष्यावर. त्याला टोकांशी चाकं असतात आणि पूर्ण ताणलं की हातावरचा भार एकदम हलका होतो. हॉलेस विल्बर अॅलन यांना त्याचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं. ऑलिंपिकमधलं रीकर्व्ह चाकांशिवायचं असतं, पण त्यावर नेम धरायची साइट आणि तोल राखणारे दांडे असतात.

पारंपरिक म्हणजे यातलं काहीच नाही. रीकर्व्ह (टोकं पुढे वळलेली), लाँगबो (सरळ, लांब), किंवा एकाच लाकडातून तासलेलं सेल्फबो. दोरी बोटांनी ओढायची, पूर्ण भार बोटांवर घ्यायचा, डोळा जनावराच्या अंगावरच्या एका केसावर ठेवायचा आणि हाताला त्याचं काम करू द्यायचं.

ही विद्या इथल्या मातीतली आहे. यलोस्टोनच्या आसपासचे शोशोनी लोक रानमेंढ्याच्या शिंगापासून धनुष्यं बनवायचे. कोलोरॅडोच्या डोंगरांत यूट लोक शिकार करत आले, आणि १८७३ च्या करारात जमीन गेली तरी तिथला शिकारीचा हक्क त्यांनी राखला, तो आजही आहे. गोऱ्या अमेरिकनांमध्ये धनुष्याची शिकार पुन्हा रुजली त्याचं मोठं श्रेय ‘याही’ नावाच्या जमातीतल्या इशी या माणसाला जातं. त्याची जमात वसाहतवाल्यांनी मारून संपवली होती. १९११ मध्ये तो कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ एकटाच बाहेर आला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकले. इशी १९१६ मध्ये गेला. ज्यांच्याकडून हे आपल्यापर्यंत आलं त्यांचं काय झालं, हे माहीत असल्याशिवाय कुणी हातात लाँगबो धरू नये असं मला मनापासून वाटतं.

३. ताई, किती पौंडांचं धनुष्य घेऊ?

पौंड म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर. कायद्याने किमान ३५ पौंड. एल्कसाठी मी ४५ ते ५० सांगते. माझं ४७ चं आहे. धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंच ओढीचा, म्हणजे दोरी तेवढी मागे खेचल्यावरचा असतो. तुमची ओढ २६ इंच असेल तर प्रत्यक्षात चार-पाच पौंड कमीच मिळणार, हे दुकानात बहुतेकजण विसरतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे झेपत नसताना ६० पौंड घेणं. हात थरथरतो, दोरी हनुवटीपर्यंत येण्याआधीच सुटते, आणि ती सवय लागली की घालवायला वर्षं जातात. ३० पौंडांवर सुरुवात करा, वर्षभराने वाढवा.

जोर धनुष्यापेक्षा बाणात शोधा. दर पौंडाला निदान १० ग्रेन वजनाचा बाण हा जुना हिशेब आहे. ५० पौंडांना ५०० ग्रेन, म्हणजे साधारण ३२ ग्रॅम. हलका बाण वेगात जातो पण हाडापाशी अडतो, जड बाण आत शिरतो. पातं दोन धारांचं, मजबूत, रुंदी निदान ७/८ इंच (हाही कायदा आहे). आणि धार! मी प्रत्येक पातं आधी कानशीवर, मग दगडावर आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर घासते. मनगटावरचे केस न ओढता उतरले पाहिजेत. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते, बाण फक्त कापतो. बोथट पात्याने जनावर तासन्‌तास तडफडतं.

४. महाराष्ट्रात असं काही करता येईल का? रानडुकरावर तरी?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात हौसेखातर शिकारीला बंदी आहे, हत्यार कोणतंही असो. रानडुकराबाबत सरकारी परवानगीने काही ठिकाणी अपवाद होतात, पण तो पिकाच्या नुकसानीचा प्रश्न आहे, शौकाचा नाही. धनुर्विद्या शिकायची असेल तर जरूर शिका, निशाण्यावर.

५. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मला लायसन्स मिळेल का?

मिळतं, नागरिकत्वाची अट नाही. धनुष्य हे अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात बंदूक धरलं जात नाही, त्यामुळे व्हिसावरच्या लोकांना बंदुकीबाबत असलेली बंधनं इथे आड येत नाहीत. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. कोलोरॅडोत सलग सहा महिने राहिलात की रहिवासी दराने लायसन्स मिळतं. परराज्यातल्यांना ते अनेक पटींनी महाग पडतं, आणि २०२५ पासून त्यांच्यासाठी धनुष्याचं एल्क लायसन्स सोडतीतून मिळतं. अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते.

६. किती लांबून बाण मारता?

वीस यार्ड. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची, त्याहून दोन पावलं कमी. दाट झाडीत पंधरा.

लोकांना हे खरं वाटत नाही, म्हणून हिशेब सांगते. माझा बाण सेकंदाला सुमारे १७५ फूट जातो, कंपाउंडचा २८० ते ३००. वीस यार्ड कापायला माझ्या बाणाला सेकंदाचा तिसरा भाग लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी जनावराच्या कानात पोचलेला असतो. तेवढ्यात त्याने एक पाऊल टाकलं तरी फुप्फुसाऐवजी पोटात लागतो.

आणि दुसरं कारण. माझ्या तिसऱ्या सीझनला एक नर ओढ्यापलीकडे आडवा उभा राहिला. नंतर मोजलं तर अंतर एकतीस यार्ड निघालं. अंगणात मी तीस यार्डांवर चांगली मारत होते, म्हणून बाण सोडला. फळीवर खिळा ठोकल्यासारखा आवाज आला. खांद्याचं हाड. अर्धा बाण मोडून तिथेच पडला, चारशे पावलांवर रक्त संपलं. दोन दिवस मी आणि नवरा गुडघ्यांवर रांगत पानं उलटत होतो. तो सापडला नाही. अंगणात कितीवर लागतो हा प्रश्नच नव्हता. प्रश्न हा होता की दम लागलेला असताना, हात गारठलेले असताना, हृदय कानात वाजत असताना पहिलाच बाण कितीवर लागतो. त्याचं माझं उत्तर वीस आहे. तुमचं बारा असेल तर बारावर थांबा.

७. सराव कसा करायचा?

रोज सकाळी, अंग गरम न करता, एकच बाण. तो कुठे लागला ते वहीत लिहायचं. रानात दुसरा बाण मिळत नाही, म्हणून हा आकडा खरा. बाकी सराव गुडघ्यावर बसून, उतारावर उभं राहून, पाठीवर पिशवी लावून करा. एका जागी उभं राहून शंभर बाण मारल्याने फक्त खांदा दुखतो.

८. वीस यार्डांपर्यंत जाताच कसं? त्याला वास येत नाही?

येतो, आणि तोच खरा प्रश्न आहे. एल्क डोळ्यांना फसतो, कानांनाही फसतो, नाकाला कधीच नाही. अंगाचा वास घालवायचे फवारे विकतात, त्यांवर मी विसंबत नाही. वारा समजून घ्यायला लागतो.

डोंगरात दोन वारे असतात. एक हवामानाचा, दुसरा डोंगराचा स्वतःचा. पहाटे थंड हवा जड असते, ती ओढ्याच्या पाण्यासारखी घळीघळीतून खाली वाहते. ऊन उतारावर पडलं की ती तापते आणि वर चढू लागते. संध्याकाळी पुन्हा खाली. म्हणून सकाळी कळपाच्या खालच्या अंगाने वर चढायचं आणि दुपारी वरून उतरायचं. मधला वेळ वाईट, साधारण नऊ ते दहा, हवा पलटते तेव्हाचा. तेव्हा ती कुठेही जाते. मी त्या तासात चक्क बसून राहते.

हवा पाहायला मी मिल्कवीडचा कापूस वापरते. ती आपल्या रुईच्याच कुळातली. लहानपणी आपण ‘म्हातारी’ म्हणून ज्या उडवायचो, अगदी तशीच. खिशातल्या डबीतून एक सोडायची आणि नजरेने तिच्या मागे जायचं. यासाठी काहीजण पावडर उडवतात, ती हाताजवळच विरते, म्हातारी चाळीस-पन्नास पावलांपर्यंत दिसते. ती खाली तरंगत जाते, एका फर झाडापाशी थबकते, आणि खोडाला वळसा घालून परत माझ्याकडे येते. म्हणजे त्या झाडापाशी भोवरा आहे, त्या बाजूने जायचं नाही. नकाशात हे कुठेही सापडत नाही.

९. हाका मारून बोलावतात म्हणे. कसं?

सप्टेंबर हा त्यांच्या माजाचा महिना. नर जी आरोळी देतो तिला इथे ब्यूगल म्हणतात. खालून घुमत सुरू होते, उंच शिटीत जाते आणि शेवटी घोगऱ्या हुंकारांत मोडते. मादीची हाक साधी, म्याँवच्या जवळची. दोन्ही आवाज टाळूला लावायच्या रबरी पट्टीतून काढतात. पट्टी तोंडात बसायला दोन महिने जातात, घरातल्यांना आधी कल्पना द्या.

पारंपरिक धनुष्यवाल्यांची खरी अडचण अशी की नर येतो, पण साठ-सत्तर यार्डांवर थांबतो. हाक इथूनच आली, मग मादी दिसत का नाही, असं त्याला वाटतं. बंदुकीला ते अंतर पुरतं, आपल्याला नाही. म्हणून हाक देणारा बाणवाल्याच्या तीस-चाळीस यार्ड मागे बसतो. नर त्याच्यापर्यंत जायला निघतो आणि वाटेत आपण असतो. एकटे असाल तर कमी बोला. तो आपल्याच माद्यांमध्ये आरोळ्या देत असताना गुपचूप जवळ जा.

दोरी ओढायची वेळ एकच, त्याचा डोळा झाडाआड गेला की. गेल्या वर्षी एक नर चौदा यार्डांवर येऊन उभा राहिला. पोटावरच्या मुताचा उग्र वास येत होता, नाकातून वाफ निघत होती, मानेचे काळपट केस चिखलाने लडबडलेले. लोळणीतून नुकताच उठला असणार. त्याच्या बरगड्यांवर अॅस्पेनची करंगळीएवढी एक फांदी आडवी होती. चार मिनिटं मी धनुष्य अर्धं उचलून उभी होते. तो वळला आणि निघून गेला. मी बाण भात्यात परत ठेवला, हात किती तरी वेळ हलत होते. ती सकाळ मला शिकार मिळालेल्या दिवसांइतकीच प्रिय आहे.

१०. मी सह्याद्रीत ट्रेक केलेत. डोंगर झेपेल ना?

पायांना झेपेल, फुप्फुसांचं वेगळं. डेन्व्हर शहरच १,६०९ मीटरवर आहे, कळसूबाईचं शिखर १,६४६ वर. म्हणजे आपलं सगळ्यात उंच टोक जिथे संपतं, जवळपास तिथे इथली सपाटी. एल्क सप्टेंबरमध्ये बहुधा ९,००० ते ११,००० फुटांवर असतात. बाहेरून येणाऱ्यांनी दोन-तीन दिवस आधी येऊन मधल्या उंचीवर राहावं. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली तर खाली उतरणं हाच उपाय, शिकार पुन्हा होईल. दुपारी विजा कडाडू लागल्या की माथ्यावरून उतरा. बर्फ सप्टेंबरातही पडतो.

११. बाण लागला. आता लगेच मागे धावायचं का?

अजिबात नाही. जिथे उभे आहात तिथे खूण करा, तो शेवटचा दिसला ते झाड लक्षात ठेवा, घड्याळ बघा आणि बसा. मग बाण शोधा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस: पाऊण तास थांबा, तो बहुधा दीड-दोनशे यार्डांत पडलेला असतो. गडद लाल म्हणजे यकृत असू शकतं: चार ते सहा तास. हिरवट चिकट आणि घाण वास म्हणजे पोट: आठ ते बारा तास. न हाकललेलं जनावर जवळच बसतं आणि तिथेच जातं. हाकललेलं दोन दऱ्या ओलांडतं.

मारायचं ते फक्त आडवं किंवा किंचित पलीकडे तोंड केलेलं जनावर. समोरून नाही, मागून नाही. हाड बाण कसं अडवतं ते प्र. ६ मध्ये सांगितलंच.

१२. पण पाऊस येत असेल तर? की रात्र गरम असेल तर?

प्र. ११ मधले तास तेव्हा मोडावे लागतात. पाऊस रक्त धुतो, म्हणून फुप्फुसाची खात्री असेल तर लवकर निघा. पोटात लागल्याची शंका असेल तर पावसातही थांबा, माग गेला तरी चालेल पण जनावर हाकलू नका. सकाळी गोल फिरून शोधा, पाण्याकडे आधी. गरम रात्री मांस खराब होण्याची भीती खरी आहे, तरी जनावर हाकलून ते मुळीच न सापडण्यापेक्षा ती परवडली.

जखमी जनावराचा शोध घेणं हे कोलोरॅडोत कायद्याने बंधनकारक आहे. आणि ते सापडलं नाही तरी माझ्यापुरतं लायसन्स वापरलं गेलं, सीझन संपला. नियम तसं म्हणत नाही, मी म्हणते.

१३. जखमी एल्क कुणाच्या खासगी जमिनीत गेला तर?

मालकाची परवानगी घेतल्याशिवाय कुंपण ओलांडायचं नाही, पाटी नसली तरी. मालक ‘नाही’ म्हणाला तर वन्यजीव अधिकाऱ्याला फोन करा. रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये शिकारीला बंदी आहे, जनावर हद्दीत गेलं तर रेंजरला कळवा. म्हणूनच पार्कची हद्द पाव मैलापेक्षा जवळ असेल तर मी बाणच लावत नाही.

१४. समोर आलेला कोणताही एल्क मारता येतो का?

लायसन्सवर काय लिहिलंय ते बघा: नर, मादी की दोन्ही. शिवाय बऱ्याच युनिटांत (शिकारीसाठी पाडलेल्या विभागांत) नराच्या एका शिंगाला निदान चार टोकं किंवा कपाळालगतचं टोक पाच इंचांचं असावं लागतं. झाडीत मोजता आलं नाही तर सोडून द्या. वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत.

१५. एवढं मोठं जनावर खाली आणता कसं?

पाठीवर. लायसन्सचा टॅग आधी सही करून तारीख घालायची. मग पोट न फाडता एका बाजूने कातडं सोलून चारही फरे, पाठीच्या लांब पट्ट्या आणि आतल्या कोवळ्या पट्ट्या काढायच्या. एवढं मांस सोडून येणं हा गुन्हा आहे. नर की मादी हे दाखवणारा भाग एका फऱ्याला नैसर्गिकपणे जोडलेला ठेवावा लागतो. सुती पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल असं टांगायचं. मांस नासतं ते आतल्या उष्णतेने, म्हणून हाडापासून लवकर मोकळं करा.

हाडांशिवाय नराचं साधारण ९० ते ११० किलो निघतं. दोघांच्या मिळून चार-पाच फेऱ्या. बाण मारण्याआधी स्वतःला विचारा: इथून गाडी किती लांब आहे? तीन मैलांपलीकडे, मदतीला कुणी नसताना, मी दोरी ओढत नाही.

१६. हे बीफ असतं का? आमच्या घरी चालेल का?

बीफ नाही. गाय वेगळ्या कुळातली, हे हरीण. चालेल की नाही ते तुमच्या घराने ठरवायचं. चवीला गडद, पण चरबी जवळजवळ नाही, म्हणून मटणासारखं आपल्याच रसावर शिजत नाही. तेल थोडं सढळ घाला. पाठीची पट्टी तव्यावर दोन-दोन मिनिटं, बस. पायाचं मांस मात्र सुक्या खोबऱ्याच्या वाटणात आणि कांदा-लसूण मसाल्यात कुकरला लावते. इथे ५,००० फुटांवर पाणी ९५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात दिवस जातो. खिमा सगळ्यात लवकर संपतो.

१७. हरणांना वेड लागण्याचा रोग आहे असं वाचलं. खाणं सुरक्षित आहे का?

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होतो. पहिल्यांदा १९६७ मध्ये कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सला, बंदिस्त हरणांत आढळला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं एकही उदाहरण नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नका असाच आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. शिजवून प्रायॉन मरत नाही. म्हणून डोकं तपासणीला द्यायचं आणि निकाल येईपर्यंत फ्रीझर बंद. पाहुण्यांनाही हेच उत्तर.

१८. थोडं मांस विकत द्याल का? आणि भारतात शिंगं नेता येतील?

विकत नाही, रानटी शिकारीचं मांस विकणं गुन्हा आहे. भेट देते, सोबत माझं नाव, लायसन्स नंबर आणि तारखेची चिठ्ठी असते, ती जपून ठेवा. मांस आणि शिंगं, दोन्ही भारतात नेऊ नका. सीमाशुल्कात अडकाल आणि शिंग सांबराचं नाही हे पटवत बसाल.

१९. अस्वलं? लांडगे?

कोलोरॅडोत काळं अस्वल आहे, ग्रिझली माँटाना-वायोमिंगकडे. लांडगे डिसेंबर २०२३ पासून पुन्हा सोडले आहेत. मांस तंबूपासून लांब टांगा, परत येताना आवाज करत या.

२०. “कशाला जीव घेतेस गं? दुकानात मिळत नाही का?”

हा आत्याचा प्रश्न, दर दिवाळीला. आत्या, मी मांस खाते. दुकानातल्या पाकिटातलं जनावर कुठे वाढलं, कसं मेलं, ते मला माहीत नसतं. याचं माहीत असतं, आणि ते ओझं मी स्वतः पाठीवरून आणते. दुसरं म्हणजे, गेल्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळपास संपले होते. बाजारासाठी केलेल्या बेसुमार शिकारीने. मग यलोस्टोनकडून कळप आणून सोडले, शिकारीला मर्यादा घातल्या, आणि आज अडीच लाखांहून जास्त आहेत. तो खर्च बराचसा लायसन्सच्या पैशातून आणि शिकारीच्या सामानावरच्या ११ टक्के करातून होतो. त्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखणारा कायदा १९३७ चा, धनुष्यं त्यात १९७२ च्या कायद्याने आली. बाणांवरही कर असतो, टक्क्यांऐवजी नगावर, आणि माझ्या बाणांच्या प्रत्येक डझनात तो आहे.

तरीही जनावर पडतं तेव्हा मला आनंद होत नाही. मी शेजारी बसते, मानेवर हात ठेवते, केस अजून गरम असतात. मग सुरी काढते, कारण मांस थांबत नाही.

२१. पुढच्या सप्टेंबरला यायचंय. आत्तापासून काय करू?

हंटर एज्युकेशन हिवाळ्यात उरका. सरावाला धनुष्य ३० पौंडांचं घ्या, पण शिकारीला निघण्याआधी कायद्याच्या ३५ च्या वर जाऊन एल्कला लागणाऱ्या भारापर्यंत पोचा (प्र. ३), रोज एक बाण (प्र. ७). एप्रिलचा अर्ज चुकवू नका. जुलैत एकदा रिकाम्या हाताने डोंगरात येऊन रात्र काढा, पहाटे कुठली हवा कुठे वाहते ते बघा. मिल्कवीडच्या शेंगा शरद ऋतूत फुटतात, माझ्याकडे गेल्या वर्षीच्या दोन बरण्या भरून आहेत. पत्ता कळवा, एक पाठवते.